पूर पुलाजवळ, पाणी उंबरठ्यावर

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा कऱ्हाडला कोयनेला पोटात घेऊन सांगलीला येते. पावसाळ्यात तिच्याबरोबर एक आकडाही येतो : "आयर्विन पुलाजवळ पाणी इतके फूट!" 40 फुटांवर इशारा, 45 फुटांवर धोका. सखल वस्त्यांतील जाणत्यांना या आकड्याचा अर्थ अनुभवाने कळतो. इतरांचे काय? ऑगस्ट 2019 मध्ये अनेकांनी 2005 च्या पुराची खूण प्रमाण मानली. "तेव्हा इथवर आले नव्हते," असे म्हणत ते घरातच थांबले. पाणी 57 फुटांच्या वर गेले आणि ती खूणच बुडाली.

आपल्या गल्लीची उंची किती, हे आपल्याला ठाऊक नसते, हे खरे दुखणे आहे. ही उंची आता आकाशातूनही काढता येते. योगायोग असा की, 2005 सालीच, 5 मे रोजी, भारताने कार्टोसॅट-1 हा उपग्रह सोडला. त्याचे दोन कॅमेरे एकाच जागेची दोन कोनांतून छायाचित्रे घेत. दोन डोळ्यांमुळे आपल्याला जसे अंतर उमगते, तशी या जोडचित्रांवरून जमिनीची उंची काढता येते.

परंतु विज्ञानाचा आदर करणे म्हणजे त्याच्यापुढे डोळे मिटणे नव्हे! या चित्रांवरून केलेल्या देशव्यापी उंचीच्या नकाशात 8 मीटरपर्यंत चूक गृहीत धरतात. आणि 45 व 57 फुटांतील अंतर तर 4 मीटरही नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये गेलेल्या कार्टोसॅट-3 ची नजर पाव मीटरपर्यंत तीक्ष्ण आहे. तरी वरून पाहणाऱ्याला आधी दिसतात ती घरांची छपरे आणि झाडांचे शेंडे. पाणी मात्र बोळातून येते. म्हणून घरे-झाडे वजा करून उरलेली जमीन प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहावी लागते.

ही मोजणी कोणी करायची? मला वाटते, आपण. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात हाताळलेली डम्पी लेव्हल महाविद्यालयाच्या मैदानावरच का थांबावी? गावभागातील, मारुती चौकातील भिंतींवर पुराच्या रेषा आहेत. घरोघरच्या आजी-आजोबांना त्यांची साले पाठ आहेत. त्या रेषांची उंची मोजून उपग्रहाच्या नकाशाला जोडावी आणि "पुलाजवळ इतके फूट झाले, की येथे पाणी" असा फलक गल्लोगल्ली लागावा. कऱ्हाडलाही हेच करता येईल.

उपग्रह शहर पाहतो, आपला उंबरठा आपल्यालाच मोजावा लागेल. पुढचा पूर येण्याआधी तो मोजून ठेवू या.