यंत्रे आली, आवृत्त्यांचा मेळ कोण घालणार?

पनवेल, प्रतिनिधी

पनवेल येथे जुलै २०२० मध्ये 'योट्टा'चे 'एनएम-१' डेटा सेंटर सुरू झाले. केंद्राने मार्च २०२४ मध्ये मंजूर केलेल्या १० हजार ३७१ कोटींच्या 'इंडिया एआय' मोहिमेत सवलतीच्या दराने संगणनशक्ती पुरविणाऱ्यांत ही कंपनीही आहे. चर्चा मात्र चिपच्या संख्येपुरतीच राहते.

'एनव्हिडिया'च्या 'एच-१००' चिपला 'कुडा' प्रणालीचे पाठबळ ११.८ आवृत्तीपासून मिळाले. त्यामुळे जुन्या आवृत्तीवर बेतलेले सॉफ्टवेअर अनेकदा मूळ सोर्स कोडपासून पुन्हा कंपाइल करावे लागते. पेच उभा राहतो तो येथेच. एका घटकाला लायब्ररीची जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी. एकाच जागी दोन्ही नांदत नाहीत. जून २०२४ मध्ये 'नमपाय' २.० आली, तेव्हा आधीच्या आवृत्तीसाठी कंपाइल केलेले अनेक भाग तिच्यासोबत चालेनासे झाले. असा गुंता सोडविण्यात गेलेल्या तासांचेही भाडे पडते. नवउद्योगांना ते परवडणारे नाही.

प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र कंटेनर देणे आणि आवृत्त्यांची यादी गोठविणे, हा रूढ उपाय होय. परंतु गोठविलेल्या आवृत्तीत जुने दोषही गोठतात. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे'तील त्रुटी उघड झाल्यावर आपल्या यंत्रणेत ही लायब्ररी नेमकी कोठे आहे, हेच असंख्य संस्थांना ठाऊक नव्हते. 'सर्ट-इन'ने २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकसूचीबाबत मार्गदर्शक तत्त्वे दिली, ती याचसाठी.

यंत्रे पैशाने येतात; घटकांचा मेळ घालणारे अभियंते घडवावे लागतात. मोहिमेचे यश त्यावरच ठरेल.