न खोकणारा रुग्ण
अमेरिका आणि युरोपातील घरांत काचेच्या पेटीत पाळला जाणारा, मूळचा पश्चिम आफ्रिकेतील बॉल पायथन, म्हणजे भ्याला की अंगाची चेंडूसारखी गुंडाळी करून डोके आत दडवणारा लहान अजगर, आजारी आहे की नाही हे ओळखणे अवघड असते, कारण सुखात आणि दुखण्यात त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. त्याने महिनाभर उंदराकडे पाठ फिरवली की मालकाच्या तोंडचे पाणी पळते. वास्तविक वजन टिकून असेल तर निरोगी अजगर काही महिने सहज उपाशी राहतो, आणि कात टाकण्यापूर्वी डोळ्यांवर येणारी दुधी झाक म्हणजे काही मोतीबिंदू नव्हे. म्हणूनच ज्या घरात तराजू आणि वजनाची वही नाही, तेथे साप असू नये. खरी धास्ती घ्यावी ती उघड्या तोंडाने श्वास घेण्याची, घरघरीची आणि नाकपुडीवरच्या बुडबुड्यांची. सापाला श्वासपटल, म्हणजे छाती व पोट यांमधला स्नायूंचा पडदा, नसल्यामुळे आपल्यासारखे खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, आणि किरकोळ वाटणारी सर्दी न्यूमोनियापर्यंत जाते. अशा वेळी पेटीची उबदार बाजू 31 ते 32 अंश सेल्सिअस आहे ना, हे तापमापकाने पाहावे, हाताच्या अंदाजाने नव्हे. मात्र ऊब हे औषध नाही, आणि 2014 मध्ये अजगरांत ओळखल्या गेलेल्या निडोव्हायरस या श्वसनमार्गाच्या विषाणूवर प्रतिजैविकेही चालत नाहीत, त्यामुळे सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार पशुवैद्य गाठायचा तो त्याच आठवड्यात, आणि सोबत ती वही न्यायची.