अज्ञाताला लाभलेले नाव

मारेकरी कधी कधी माणसाच्या प्राणाबरोबर त्याचे नावही हिरावून घेतो. पहिल्या अपराधाला कायद्यात शिक्षा आहे. दुसऱ्याचा मात्र समाजालाच विसर पडतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका बालकाच्या वाट्याला हा दुहेरी अन्याय आला आणि त्यातील निम्म्याचे परिमार्जन होण्यास तब्बल ६५ वर्षे लागली.

२५ फेब्रुवारी १९५७ रोजी शहराच्या फॉक्स चेस भागात, रस्त्यालगतच्या झाडीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात एका चिमुकल्याचा मृतदेह आढळला. वय अंदाजे चार ते सहा. शरीर उपासमारीने खंगलेले, मारहाणीच्या खुणांनी भरलेले. पोलिसांनी त्याच्या छायाचित्राची चार लाख पत्रके वाटली. तरीही ‘हे लेकरू आमचे’ असे खात्रीने सांगणारा कोणी पुढे आला नाही. बेवारसांच्या दफनभूमीत त्याला मूठमाती मिळाली. १९९८ मध्ये डीएनए नमुन्यासाठी अवशेष उकरण्यात आले, आणि आयव्ही हिल दफनभूमीत त्याचे पुन्हा दफन झाले. शिळेवर अक्षरे कोरली होती : ‘अमेरिकेचे अज्ञात बालक’.

२०१९ मध्ये अवशेष पुन्हा बाहेर काढले गेले. आता जनुकीय वंशावळशास्त्र मदतीला आले होते. पोलिसांची नेहमीची डीएनए चाचणी गुणसूत्रांवरील वीसेक स्थाने पाहते. ती व्यक्ती वा तिचे अगदी निकटचे रक्तसंबंधी नोंदलेले असतील, तरच तिचा उपयोग. ही नवी पद्धत लाखो स्थाने तपासते. त्यामुळे समान खापरपणजोबा असलेले दूरचे भाऊबंदही ओळखू येतात. मग जन्म, विवाह, मृत्यूच्या जुन्या नोंदी चाळत वंशवृक्ष उभा केला जातो आणि फांदीफांदीने हरवलेल्या माणसापर्यंत पोहोचता येते. या प्रकरणात मातृकुळाचा धागा आधी सापडला. जन्मदाखल्यावरून पित्याचे नाव कळले आणि पितृकुळाच्या डीएनएने खात्री पटली. ८ डिसेंबर २०२२ रोजी पोलिसांनी नाव जाहीर केले : जोसेफ ऑगस्टस झरेली, जन्म १३ जानेवारी १९५३. २०२३ साली त्याच्या सत्तराव्या जन्मदिनी ते नाव शिळेवर कोरले गेले.

मारेकरी कोण, हे त्या घोषणेच्या वेळीही अनुत्तरितच होते. मग एवढ्या खटाटोपाने साधले काय, असे कोणी विचारील. श्राद्धविधीत नाम-गोत्राचा उच्चार करणाऱ्या आपल्या समाजाला याचे उत्तर वेगळे सांगावयास नको. नाव म्हणजे माणूस या जगात येऊन गेल्याची साक्ष होय. शिवाय, मृत कोण हे कळल्याखेरीज त्याचा घातक कोण याचा शोध दिशाहीनच राहतो.

तथापि या शास्त्राला दुसरी बाजूही आहे. एकाने आपला डीएनए संकेतस्थळावर ठेवला की त्याचे शेकडो अनभिज्ञ नातलगही उघडे पडतात. म्हणूनच मे २०१९ मध्ये ‘जीईडीमॅच’ या संकेतस्थळाने, स्पष्ट संमती देणाऱ्यांचीच माहिती पोलिसांच्या शोधास खुली राहील, असा नियम केला. तपासाची गती त्यामुळे मंदावली, हे खरे. परंतु मृताला न्याय देताना जिवंतांचा विश्वास गमावणे परवडणारे नाही. तो नियम योग्यच म्हटला पाहिजे.

आपल्याकडेही बेवारस मृतदेहांच्या नोंदी पोलीस ठाण्यांतून साचतात आणि कुठेतरी एखादी माता दाराकडे डोळे लावून बसलेली असते. बेपत्ता व्यक्ती आणि अज्ञात मृत यांच्या डीएनए सूचींची तरतूद असलेले २०१९ चे विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. त्यावरील गोपनीयतेचे आक्षेप निराधार नव्हते. पण आक्षेपांचे निराकरण करून, केवळ या दोन सूचींपुरता आणि नातलगांच्या संमतीवर आधारलेला कायदा करणे अशक्य आहे काय? एका अनाम बालकासाठी एखादे शहर पासष्ट वर्षे अस्वस्थ राहू शकते. ती अस्वस्थता आपल्याही अंतःकरणात जागी व्हावी. साधने त्यामागून येतील.