ईयोबाच्या दारातले शहाणे

मामेभावाचा दहावा उरकून पैठणहून गावात परतलो. ओसरीवर सोयरे टेकले होते. मामी भिंतीला पाठ लावून, पदर तोंडाशी धरून बसली होती. माळ घालणारा, एकादशी न मोडणारा तिचा पोरगा कर्जापायी जीव देऊन गेला होता. 2012 च्या दुष्काळात त्यानं टँकर विकत घेऊन मोसंबी जगवायची धडपड केली. बाग वाळलीच, मग स्वतःच्या हातानं कुऱ्हाड चालवली. झाडं सरपणाच्या भावानं गेली, देणं मात्र राहिलं, वाढत गेलं.

एक जाणता माणूस मामीला म्हणाला, "मागच्या जन्मीचं असतं ताई, फेडल्याबिगर सुटका न्हाई." मामीनं मान वर केली. "म्या काय केलं व्हतं ते दावा की मग कुणीतरी." कुणी काही दाखवलं नाही. चहाचे कप फिरले आणि लोक पावसाबद्दल बोलू लागले.

त्या रात्री संभाजीनगरला परत येताना मला बायबलमधला ईयोब आठवत होता. इब्री धर्मग्रंथातलं त्याच्यावरचं काव्य दोन हजार वर्षांहून जुनं आहे, पण मामीचा सवाल त्यात जसाच्या तसा आहे. ईयोब सज्जन आहे, हे पहिल्याच अध्यायात सांगून टाकलंय. त्याची 7 हजार मेंढरं, 3 हजार उंट जातात, दहा मुलं एका घराखाली गाडली जातात, अंगभर गळवं उठतात. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहतात. तेवढंच त्यांनी चांगलं केलं. नंतर तोंडं उघडली आणि घात झाला.

बिल्दद त्या बापाला सुचवतो की तुझ्या पोरांनी पाप केलं असेल, म्हणून ती गेली. सोफर म्हणतो, तुझ्या गुन्ह्याच्या मानानं देवानं कमीच शिक्षा दिलीय. अलीफज तर बाविसाव्या अध्यायात गुन्हे चक्क रचतो: तू गरिबांची वस्त्रं गहाण ठेवून घेतलीस, तहानलेल्याला पाणी दिलं नाहीस, विधवांना रिकाम्या हातानं लावून दिलंस. यातलं काहीही घडलेलं नाही. पण माणूस निर्दोष आहे हे मान्य केलं, तर आपला जगाचा हिशेब कोसळतो. तो वाचवायला ते मित्राचा बळी देतात. आमच्या ओसरीवरही तेच चाललं होतं.

ईयोब म्हणजे सोशिकपणाचा पुतळा, असं सांगणाऱ्यांचा मला संताप येतो. चर्चच्या उपदेशात पहिले दोन अध्याय आणि शेवटचं पान तेवढं सांगतात: सोसलं, मग दुप्पट मिळालं. मधले जवळजवळ चाळीस अध्याय कोण वाचणार? तिथं ईयोब देवाला कोर्टात खेचायला निघालाय. आपल्यावरचा आरोप त्याला लेखी हवाय. आणि दुप्पट काय झालं, तर मेंढरं आणि उंट. मुलं पुन्हा दहाच झाली. आधीची दहा मातीतच राहिली.

देव वादळातून बोलतो, पण का भोगलंस याचं कारण देत नाही. शेवटी तो अलीफजला बजावतो की माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर आहे, माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब. देवाची बाजू घेणारे खोटे ठरले आणि देवाशी भांडणारा खरा. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र असंच अंधारात संपतं. ज्यांनी ही पोथी जपली त्यांनी त्याला गोड शेवट जोडला नाही.

हे सगळं परक्याचं आहे, असं म्हणणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघावं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तीर्थयात्रा, पुराणं, व्रतं, दानधर्म यांत काही उणं ठेवलं नाही. 1874 मध्ये ते आणि रमाबाईंची आई थोड्याच अंतरानं उपासमारीत गेले. पाठोपाठ थोरली बहीण. 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती. विधवेच्या माथी नवऱ्याचं मरण तिचंच पूर्वजन्मीचं पाप म्हणून कसं मारतात, हे त्यांनी 1887 च्या 'हाय कास्ट हिंदू वुमन'मध्ये लिहिलं. पुढं त्याच बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून अख्खं बायबल मराठीत आणलं. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. भाषांतर 1924 मध्ये छापून निघालं, मुक्तीतल्याच बायकामुलींच्या हातून. ईयोबाचं दुःख मराठीत उतरवायला यापेक्षा जास्त अधिकार कुणाचा होता?

आणि आजचे अलीफज फक्त ओसरीवर नाहीत. मराठवाड्यातल्या 8 जिल्ह्यांच्या शेतकरी आत्महत्यांचा आकडा आमच्याच शहरातल्या विभागीय आयुक्तालयात जमा होतो. प्रत्येक मेलेल्यापुढं एक शब्द लागतो: पात्र किंवा अपात्र. कर्ज बँकेचं होतं का, सोसायटीचं होतं का, सावकार परवानाधारक होता का, वसुलीचा तगादा होता का? पाहुण्यारावळ्यांकडून किंवा बिगरपरवाना सावकाराकडून उचललेला पैसा या हिशेबात बसत नाही. पात्र ठरला तर घरच्यांना एक लाख रुपये: 30 हजार हाती, 70 हजार ठेवीत. सरकारी पैशाला नियम लागतात, हे मला कळतं. पण मेलेल्या माणसानं आपलं दुःख खरं होतं हे कागदानं सिद्ध करायचं आणि जमलं नाही तर बायकोनं 'अपात्र' हा शिक्का घेऊन गावात राहायचं, हे मी मान्य करणार नाही. अलीफजही ईयोबाच्या दुःखात खोट शोधायलाच बसला होता.

ज्यांना अशा दारात जावं लागेल त्यांनी जावंच. मागच्या जन्माचं बोलू नका, गेलेल्याच्या व्यसनाची चौकशी करू नका, देवाची वकिली करू नका. जमिनीवर बसा, गप्प बसा. बोलायचंच असेल तर कृषी केंद्राची उधारी किती राहिली ते विचारा आणि खिशात हात घाला. माझ्या मामीला त्या दिवशी हे एकानंही विचारलं नाही. मीही नाही.