गॅस संपत नसतो!

मागच्या वीकेंडला काही लिहिणं झालं नाही. कारण आमचा एसी.

"गॅस संपलाय साहेब." सलग तिसऱ्या एप्रिलमध्ये हेच वाक्य. मेकॅनिक दरवर्षी वेगळा, निदान तेच, बिलही साधारण तेवढंच. ह्या वेळी मात्र बाबांची बायपास होऊन जेमतेम महिना झालेला, पुण्यात पारा ४० च्या वर आणि त्यांच्याच खोलीतला एसी नुसता घरघरतोय. मी पाकीट काढलंच होतं, तेवढ्यात बाबांनी पलंगावरून विचारलं, "अहो, पण संपतो म्हणजे जातो कुठे?"

तो बिचारा गप्प. इंजिनियर असून मीही गप्प!

खरं तर एसी म्हणजे हीट पंपच. खोलीतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची. (दिशा उलटी करायची सोय असली की तोच थंडीत खोली गरम करतो.) गॅस हा त्यातला हमाल. आतल्या कॉइलमध्ये द्रवाची वाफ होताना तो उष्णता घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेर पुन्हा द्रव होताना ती सोडतो. सर्किट बंद असतं, त्यामुळे पेट्रोलसारखा हा गॅस जळून संपत नाही. कमी झालाय म्हणजे कुठेतरी गळतोय. बास.

आता गंमत बघा. गेजवर ७० पीएसआय दिसत होतं. जुन्या आर-२२ गॅसला हा आकडा ठीक, म्हणजे कॉइल ५ अंशांच्या आसपास. पण आमच्या एसीत आर-३२. त्याला ५ अंशांसाठी १२० च्या वर लागतात. ७० म्हणजे कॉइल उणे १० अंशांवर, बारीक पाइपवर बर्फ! पण एवढ्यावरून गॅस कमी आहे हेही ठरत नाही. फिल्टर धुळीनं बुजला तरी प्रेशर पडतं, कॅपिलरी चोंदली तरी पडतं. मग कॉइलमधून परत येणाऱ्या पाइपचं तापमान बघावं लागतं. ते कॉइलपेक्षा बरंच जास्त असेल तर गॅस कमी आहे किंवा वाट अडलीये. जवळपास तेवढंच असेल तर हवा पोचत नाहीये. अशा वेळी गॅस ओतला तर दुखणं वाढणार.

हे वाचून मला ऑफिस आठवलं आणि लाजच वाटली. आमच्या एका सर्व्हरमध्ये मेमरी लीक आहे. उपाय काय, तर रोज पहाटे ३ वाजता तो आपोआप रीस्टार्ट होतो. दोन वर्षं झाली. 'टेम्पररी' म्हणून मीच लावलंय ते. मग त्या मेकॅनिकला कुठल्या तोंडानं नावं ठेवू?

शेवटी मित्राच्या ओळखीचे एक काका आले. आधी फिल्टर बघितला, मग टॉर्च घेऊन सगळे जोड. आतल्या युनिटमागच्या फ्लेअर नटवर तेलकट डाग. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, त्यामुळे गळती तिथे डाग! साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले. जोड नवा केला, नायट्रोजन भरून तपासला, व्हॅक्यूम घेतला आणि बाहेरच्या युनिटवर लिहिलंय तेवढाच गॅस काट्यावर मोजून भरला. तीन तास लागले. बिल दुप्पट.

आणि माझं मत इथेच बनलं. चूक एकट्या मेकॅनिकची नाही. "पटकन करा हो, मला कॉल आहे" असं आपणच म्हणतो. शोधायचे पैसे द्यायला आपल्याला जड जातं, भरायचे मात्र बिनबोभाट देतो. त्याला दिवसात आठ घरं करायची असतात. तीन वर्षांत अर्धा किलो गॅस सुटला असेल, तर आर-३२ चा तापमानवाढीवरचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट धरून ते सुमारे ३४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच झालं. बिलात ते येत नाही इतकंच.

तेव्हा पुढच्या वेळी तीनच प्रश्न विचारा. फिल्टर बघितला का? गळती कुठे आहे? गॅस मोजून भरणार का? आणि उत्तराला लागेल तेवढा वेळ द्या.

असो. बाबा गार हवेत झोपलेत. सोमवारी तो रीस्टार्ट काढून टाकणार आहे. बघू काय काय बाहेर येतंय ते!