चुका सिम्युलेटरवरच होऊ द्या

८ जून २०२४ रोजी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवरून एअर इंडियाचे विमान झेपावत असतानाच, त्याच धावपट्टीवर मागून इंडिगोचे विमान उतरले. दुर्घटना थोडक्यात टळली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी सुरू केली आणि संबंधित हवाई वाहतूक नियंत्रकाला कामावरून दूर करण्यात आले. चूक कोणाची, हा प्रश्न अशा वेळी लगेच विचारला जातो. नियंत्रक घडतो कसा, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

प्रयागराज, हैदराबाद आणि आपल्या गोंदियातील संस्थांत भारतीय विमानतळ प्राधिकरण हे शिक्षण देते. वर्गातील नियम आणि प्रत्यक्ष मनोरा यांना जोडणारा दुवा म्हणजे सिम्युलेटर. सहायक वैमानिकाच्या भूमिकेत बोलतात आणि विद्यार्थी पडद्यावरील विमानांना उंची, दिशा व वेग सांगतो. येथे दोन विमाने धोकादायकरीत्या जवळ आली, तर पाठ थांबवता येतो. खऱ्या आकाशात ती सोय नाही.

या सरावाने विद्यार्थ्याची भीड चेपते, हे खरेच. परंतु ठरावीक प्रसंग पुन:पुन्हा जमल्याने येणारा आत्मविश्वास फसवा असतो. आपण कोठे चुकतो आणि मदत केव्हा मागायची, हे उमगल्याने येतो तो खरा. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेनच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ७१ जण मृत्युमुखी पडले. तेव्हा झुरिकच्या केंद्रात एकच नियंत्रक दोन जागांचे काम पाहत होता आणि दुरुस्तीमुळे मुख्य दूरध्वनी यंत्रणाही बंद होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत संदेशवहन यंत्रणा कोलमडली, उड्डाणांचे आराखडे हाताने हाताळावे लागले आणि शेकडो विमाने रखडली.

सिम्युलेटरवर असे बिघडलेले दिवसच अधिक हवेत. शिवाय प्रत्येक पाठानंतर चूक दाखवून तिचे कारण विचारणारा अनुभवी प्रशिक्षक हवा. तो नसेल, तर महागडे यंत्र खेळणेच ठरेल.

डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली. धावपट्ट्या आणि मनोरे पैशाने उभे राहतात. नियंत्रक घडवायला वेळ द्यावा लागतो. त्या वेळेत काटकसर करणे प्रवाशांना परवडणारे नाही.