निर्दोष सुटला म्हणजे ती खोटी ठरली?

‘४९८-अ चा गैरवापर’ हा विषय आता तालुक्याच्या व्याख्यानांपर्यंत पोचला आहे. हे कलम १९८३ साली आले, ते हुंडाबळींविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या म्हणून. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ८५ झाले, तरी लोकांच्या तोंडी जुनाच आकडा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरात एका अभियंत्याने पत्नीवर आणि तिच्या माहेरच्यांवर छळाचे आरोप करून आत्महत्या केली. त्याच्या घरच्यांचे दुःख आपण नाकारता कामा नये. परंतु त्या दुःखाच्या आडून सबंध कायदाच खोटा ठरवला जात असेल, तर गप्पही बसता येणार नाही.

असेच एक व्याख्यान आमच्या गावात जाहीर झाले, तेव्हा आमच्या गटात दोन मते पडली. काहीजणी म्हणाल्या, निदर्शने करू. काहीजणी म्हणाल्या, दुर्लक्ष करू. मी समुपदेशन केंद्रात काम करते. उद्या हीच वाक्ये नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या तोंडून माझ्या टेबलासमोर येणार, हे मला माहीत होते. म्हणून मी ऐकायला गेले.

सभागृह भरलेले होते. वक्त्यांचा सगळा भर एकाच मुद्द्यावर होता: या कलमाखाली शिक्षा फार थोड्यांना होते, बहुतेक आरोपी निर्दोष सुटतात, म्हणजेच बहुतेक तक्रारी खोट्या असतात. टाळ्या पडल्या. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. मी लिहिले, ‘पोलिसांनी यातल्या किती प्रकरणांत ‘ब’ समरी पाठवली?’ चिठ्ठी वाचली गेली नाही.

बाहेर जिन्यावर साठी ओलांडलेल्या एक बाई चपला शोधत होत्या. त्यांनीच विचारले, “तुमचीही चिठ्ठी राहिली ना? मी बघत होते.” त्यांची चिठ्ठीही टेबलावरच राहिली होती. त्यांचा प्रश्न होता: ‘सुटलेल्यांपैकी तडजोडीने किती सुटले?’ त्या फौजदारी कोर्टात कारकून होत्या, आता निवृत्त. समोरच्या टपरीवर चहा घेताना म्हणाल्या, “ताई, मी अशा कितीतरी फायली हाताळल्या. बाई साक्षीला उभी राहते आणि म्हणते, आमचं मिटलंय, माझी काही तक्रार नाही. सरकारी वकील तिला फितूर जाहीर करतात. साहेब लिहितात, पुराव्याअभावी निर्दोष. आणि बाहेर बाकावर वकिलाच्या हातात डिमांड ड्राफ्ट असतो.”

मला जे केंद्रात बसून दिसते, तेच त्यांना कोर्टाच्या टेबलावरून दिसले होते.

हा मुद्दा आपण नीट समजून घेतला पाहिजे. मूळ कायद्यानुसार हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. पण व्यवहारात बाईला खटला नको असतो. तिला स्त्रीधन, पोटगी, मूल आणि सुटका हवी असते. परस्परसंमतीच्या घटस्फोटात सासरची पहिली अट असते, ‘केस मागे घे.’ मग एकतर दोघे मिळून उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घेतात, नाहीतर ती साक्ष फिरवते आणि आरोपी सुटतो. तडजोडीची किंमत तिने दिली, आणि आकडेवारीत खोटी ठरली तीच!

खोटी तक्रार असूच शकत नाही, असे माझे म्हणणे नाही. पण ती मोजायची तर योग्य ठिकाणी मोजा. महाराष्ट्रात पोलिसांना तपासाअंती तक्रार खोडसाळपणे खोटी आढळली, तर ते कोर्टात ‘ब’ समरी अहवाल पाठवतात. सुटका म्हणजे ‘ब’ समरी नव्हे. तसेच ‘तक्रार केली की सारे घर आत’ हेही खरे नाही. २०१४ सालच्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, अटकेची कारणे पोलिसांनी लेखी द्यावीत, असे बजावले आहे.

आणि ज्या तक्रारच करत नाहीत, त्यांचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आढळले की हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी १४ टक्क्यांनीच मदत मागितली. ७७ टक्के कोणापाशी बोलल्याही नव्हत्या. मे २०२५ मध्ये पुण्याजवळ एका सधन घरातली सून गेली, तेव्हा हळहळ सगळ्यांनी केली. मात्र तीच मुलगी जिवंतपणी पोलीस ठाण्यात गेली असती, तर ‘कायद्याचा गैरफायदा घेते’ हे तिलाही ऐकावे लागले असते.

म्हणून माझे सांगणे असे: या सभांवर बंदी मागू नका आणि पाठही फिरवू नका. जोडीने जा, प्रश्न विचारा, चिठ्ठी वाचली गेली नाही तर उभे राहून विचारा. आणि आपल्या केंद्रांतल्या नोंदवह्या उघडा. गेल्या पाच वर्षांत किती प्रकरणे तडजोडीने मिटली, बाईच्या हाती काय पडले, किती जणी पुन्हा मार खाऊन परत आल्या, हे नावे वगळून एका पानावर मांडा. कोर्टात, पोलीस ठाण्यात, दवाखान्यात आयुष्य घालवलेल्या अशा कितीतरी बाया आपल्या आसपास आहेत. कुठल्याच संघटनेत नसतील, पण त्यांनी सारे पाहिले आहे. त्यांना बोलते करा. बाई खोटी ठरते ती कोर्टाच्या कागदावर. तो कागद कसा तयार होतो, हे लोकांसमोर मांडण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.